ढोल्याचं कार्ड

४ जून

प्रिय वहिनी,

पार्सल मिळालं. मिरीने कार्ड मोज्यात घालून पाठवलंय, तो एकुलता एक मोजाही पोचला. फोन केला की आपण दोघी 'जेवलीस का' याच्या पुढे सरकत नाही आणि मग कुणीतरी रडत फोन ठेवतं, म्हणून आपलं पत्रच बरं. पत्रात निदान नाक पुसून पुढे लिहिता येतं.

आमच्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वेटिंग रूममध्ये दादा खेळायचा तोच गेम आणून ठेवलाय, छोट्या पेशंटांनी किंचाळू नये म्हणून. तो दिसला आणि दादाची इतकी आठवण आली की तुझ्याकडे त्याचं कार्ड मागितलं. दुपारी कुणी नव्हतं तेव्हा गेमच्या त्या कार्ड वाचणाऱ्या चपट्या पाटावर ठेवलं. दिवा लुकलुकला आणि स्क्रीनवर आला की गं आपला ढोल्या! तोच कासवासारखा गोलमटोल, डोक्यावर दादाने जिंकून दिलेली पिसाची टोपी, आणि खाली अक्षरं: 'ढोल्या. मालक: बाबा.' मग म्हणाला, 'खूप दिवसांनी आलास!'

मी तिथेच भोकाड पसरलं. तेवढ्यात एक गृहस्थ गाल धरून आत आले, मला बघून म्हणाले, 'तुमची पण दाढच का?'

मला वाटायचं हे सगळं मशीनमध्ये असतं. आमच्याकडे कवळ्या आणि दात घडवणारा एक तंत्रज्ञ आहे, त्याला या गेमचं फार वेड. तो म्हणाला, 'नाही हो, मशीन विसरभोळं असतं. नाव, टोपी, पिशवीतल्या वस्तू, कुठवर पोचलाय, सगळं कार्डातल्या चिपमध्ये. कार्ड कुठेही न्या, तो तसाच उभा राहणार.' म्हणजे दादाने जिथे सोडलाय तिथेच तो अजून उभा आहे, वहिनी.

थोडे दिवस ठेवते, मग पाठवते. मिरीला पापा.

टिल्ली

१२ जून

प्रिय टिल्ली,

ठेव की, घाई नाही. पण मिरीने काही अटी घातल्यात, मी फक्त टंकलेखक.

एक, ढोल्याला पुलापलीकडे न्यायचं नाही. बाबा त्याला पुलापर्यंत आणून थांबला होता, 'तुझी परीक्षा झाली की आपण दोघं मिळून जाऊ' म्हणाला होता. परीक्षेआधीच तो गेला, ते तुला ठाऊकच आहे. या परीक्षेनंतर ती त्याला स्वतः नेणार आहे. अजून तिने हात लावलेला नाही, म्हणते आधी मी तयार होते.

दुसरं, दुसऱ्या पोरांच्या हातात द्यायचं नाही. वेटिंग रूम म्हटल्यावर तिने डोळे बारीक केले.

तिसरी अट माझी. कार्डाच्या कोपऱ्यावर तुझ्या दादाच्या दातांच्या खुणा आहेत. विचारात पडला की कार्ड चावत बसायचा, मी किती ओरडायचे. तुझा हात स्वच्छतेचा, घासूनपुसून चकाचक करशील, म्हणून सांगते. त्या तशाच राहू देत.

माझं बरं चाललंय. आज एका आजोबांना गाडी मागे घ्यायला शिकवली. त्यांनी ब्रेक समजून दुसरंच दाबलं, मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, आणि ते मला म्हणतात, 'बघा, थांबवली की नाही!' ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळं श्रेय विद्यार्थ्याचं.

तुझी,
वहिनी

९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. क्लिनिकमध्ये नुसती झुंबड आहे. जगातल्या सगळ्या दाढा याच दिवसांत दुखायच्या ठरल्यात बहुतेक.

मी मजेत. ढोल्याही मजेत.

मिरीला सहज एक विचारशील? ढोल्याच्या पिशवीत काय काय होतं? म्हणजे दादाने काय गोळा केलं होतं त्यातलं तिला किती आठवतं, असं गंमत म्हणून. आणि टोपीचं पीस निळं की जांभळं यावर आमच्या दात घडवणाऱ्याशी माझी पैज लागलीय. त्या खुणा कार्डाच्या कुठल्या कोपऱ्यावर, तेही सांग. आपलं सहजच.

तब्येतीला जप.

टिल्ली

१७ ऑगस्ट

प्रिय टिल्ली,

कार्ड तुझ्याकडे, पाट तुझ्याकडे, आणि पीस कुठल्या रंगाचं ते मी सांगायचं? पैजेत त्या माणसाने तुला चांगलंच गुंडाळलंय.

मिरी म्हणते पीस जांभळं. पिशवीत शिट्टी, दोरी, तीन बिया आणि एक दगड. दगडाचा गेममध्ये काही म्हणजे काही उपयोग नाही. 'टाकून दे ना' असं तिने शंभरदा सांगितलं तरी बाबा म्हणायचा, 'राहू दे गं, त्याला आवडतो.' खुणा डाव्या बाजूला वर.

परीक्षा संपली. आता पाठव. पोरगी रोज दारात बघते.

वहिनी

२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

कार्ड आज पाठवलं. मोज्यातच घातलंय, मोजा धुतलाय.

मिरीला सांग, नीट सपाट ठेव, वाकवू नकोस, फार वेळ हातात धरू नकोस, हाताच्या घामाने चिपला त्रास होतो म्हणतात. प्रवासात पार्सल आपटतं, धोपटतं, त्यामुळे एखादी गोष्ट इकडची तिकडे झाली असली तर मनाला लावून घेऊ नये. या वस्तू नाजूकच. पाटाने लगेच ओळखलं नाही तर जरा थांबावं.

काम खूप आहे, म्हणून इतकंच.

टिल्ली

१५ सप्टेंबर

प्रिय टिल्ली,

कार्ड आलं. मिरीने हात धुतले, चांगला फ्रॉक घातला, मला शेजारी बसवलं आणि कार्ड ठेवलं, आनंदात झटकन उचलून परत सरळ ठेवलं. ढोल्या आला. पुलाशीच आला. टोपी होती, जांभळं पीस होतं, शिट्टी, दोरी, बिया सगळं होतं. दगडसुद्धा होता.

पण तो म्हणाला, 'नमस्कार, मी ढोल्या! तू कोण?'

मिरी म्हणाली, 'असं नाही म्हणत तो. तो खूप दिवसांनी आलास म्हणतो.' मग तिने त्याला पुढे चालवलं तर त्याला पोहता येईना, उडी मारता येईना. बाबाने शिकवलेलं काहीच येईना. तिने कार्ड उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. मग एकदम थांबली आणि पांढरीफटक पडली.

तिचं म्हणणं असं, की दिवा लुकलुकत असताना कार्ड उचलायचं नसतं, बाबाने बजावलं होतं, आणि आपण आनंदाच्या भरात पहिल्यांदाच झटकन उचललं. त्यामुळे सगळं पुसलं गेलं. मला म्हणाली, 'आई, बाबाचा ढोल्या मी मारला.'

तेव्हापासून मशीनच्या खोलीत जात नाही. शाळेतून येते, गृहपाठ करते, पानात ठेवलेलं चिवडते. शेजारची मैत्रीण बोलवायला आली तर 'मला खेळायचं नाही' म्हणून दार लावून घेतलं.

तुला या बाबतीत काही माहीत असेल, काहीही, तर कळव.

वहिनी

२२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. मिरीला सांग, तिची काहीएक चूक नाही. असं उचलल्याने काही पुसत नाही, मी इथे चौकशी केली. बहुतेक तुमच्या मशीनमध्येच बिघाड असणार. नाहीतर गेमवाल्या कंपनीने काहीतरी नवीन केलं असेल, ते लोक सारखं काहीतरी बदलत असतात. तिने मनाला लावून घेऊ नये. मी काहीतरी करते.

तिच्या आवडीचे रंगीत खडू पाठवलेत.

टिल्ली

३० सप्टेंबर

टिल्ली,

सांगितलं. ती म्हणाली, 'आत्याला तिथे बसून कसं कळलं?'

खडू मिळाले. अजून उघडलेले नाहीत.

वहिनी

६ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. या वेळी लिहिल्या लिहिल्या पेटीत टाकणार आहे, परत वाचणार नाही.

मिरीने काही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं. तुमच्याकडे आहे ते दादाचं कार्डच नाही.

तू पोरांच्या हातात देऊ नकोस म्हणालीस. मी दिलं. एक छोटी मुलगी खुर्चीत बसायला तयार नव्हती, डॉक्टरीणबाईंच्या हाताला चावली, आईला लाथा मारल्या. मी ढोल्या दाखवला तर गप्प. तोंड उघडून बसली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! वाटलं, दादा असता तर त्यानेही दिलं असतं. मग रोजचंच झालं. रडणारं पोर आलं की टिल्लीबाई खिशातून कार्ड काढणार, सगळे टिल्लीबाईंचं कौतुक करणार. मला त्या कौतुकाची चटक लागली, हे खरं आहे.

एक दिवस एका पोराने ते तोंडात घातलं. लाळेने बरबटलेलं कार्ड हातात आलं. वहिनी, माझी इतकी वर्षं याच कामात गेलीत. पेशंटच्या तोंडातून आलेली वस्तू हातात आली की माझा हात मला विचारत नाही. धुतलं, पुसलं, पाकिटात घालून सील केलं आणि चिमटे-आरशांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये लावलं. वाफेवर निर्जंतुक करायचं ते आमचं मशीन. बटण दाबलं आणि पुढचा पेशंट घेतला. आतला ट्रे बाहेर काढेपर्यंत माझ्या डोक्यात काही आलंच नाही. आलं तेव्हा कार्ड वाळक्या पानासारखं वळलं होतं, वरचं चित्र सुटून आलं होतं. पाटावर ठेवलं. दिवा लागला नाही. कितीदा ठेवलं तरी लागला नाही.

मी तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. लिहायला बसलेही. पण मिरी दारात वाट बघतेय हे डोळ्यांसमोर आलं आणि पेन ठेवून दिलं.

दात घडवणाऱ्याकडे गेले. त्याच्या किल्ल्यांना अंगठ्याएवढं यंत्र लटकवलेलं असतं, त्याला एम्युलेटर म्हणतात. त्यात असल्या ढीगभर कार्डांची माहिती भरलेली. पाटावर टेकवलं की पाटाला वाटतं कार्डच आलं. म्हणाला, 'हेच देऊ का तुमच्या भाचीला? मशीनला फरक कळत नाही.' मी म्हटलं, नको, कार्डच दिसायला हवं. मग त्याने कोरी एनएफसी चकती आणली, म्हणजे पाटावर टेकवून वाचता येणारी चिप, नाण्याएवढी, पातळ, बाजारात पुडीने मिळते. तिच्यावर या प्राण्याची दुकानात मिळते तशी नवी माहिती भरली. म्हणाला, 'प्राणी तोच, पण तुमच्या भावाने जे खेळलं ते मला आणता येणार नाही, ते त्या चिपबरोबर गेलं.' नाव, मालक, टोपी, पिशवीतल्या वस्तू आणि उभं राहायची जागा एवढं मात्र वरून भरता येतं म्हणाला. म्हणून मी तुला पिसाचा रंग विचारला. पैज कसली आलीय!

त्या बिचाऱ्याला शंकाही नव्हती. तो म्हणाला, 'यात वाईट काय? माझे खोटे दात लावून लोक खरंच जेवतात ना?' मला ते इतकं पटलं! नंतर घरी येताना कळलं की लावणाऱ्याला ते खोटे आहेत हे माहीत असतं.

अजून आहे. सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं. दादाच्या दाढेचं काम आमच्याकडे झालं होतं, तेव्हा घेतलेला त्याच्या दातांचा प्लास्टरचा जबडा कपाटात होता. चकती दोन पुठ्ठ्यांत चिकटवून, चित्र लावून झाल्यावर मी तो जबडा काढला आणि कार्डाचा डावा कोपरा त्यात धरून दाबला. माझ्या भावाच्या दातांनी मी तुला फसवलं. नीट उमटलं नाही म्हणून परत दाबलं.

मग तुझं पत्र आलं, 'ढोल्या मी मारला.' आणि ते वाचूनसुद्धा मी कंपनीवर ढकललं आणि खडू पाठवले. ऑटोक्लेव्ह ही चूक होती. हे दुसरं चूक नव्हे. एक लहान पोर माझं पाप डोक्यावर घेऊन फिरत होतं आणि मी ते फिरू दिलं.

वळलेलं कार्ड माझ्याकडे आहे. टाकवलं नाही.

मिरीला तूच सांग. का मी येऊन सांगू? तू म्हणशील तसं.

टिल्ली

१८ ऑक्टोबर

टिल्ली,

आठवडाभर मी तुझ्यावर फक्त चिडले होते. कुकर आपटला, विद्यार्थ्यांवर खेकसले, एकीला तर चौकात रडवलं. आता बसून लिहिते.

मला माहीत होतं. पार्सल उघडलं त्याच क्षणी.

तुझ्या भावाच्या समोरच्या दाताचा टवका उडाला होता. बाटलीचं झाकण दातांनी उघडायला गेला होता शहाणा. तुझा असा धाक की तुला कळू द्यायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. तू आलीस की ओठ मिटून हसायचा, तुला वाटायचं दादा गंभीर झालाय. खऱ्या कार्डावर त्या जागी फट होती. तू पाठवलेल्यावर सगळे दात धडधाकट, तुझा तो प्लास्टरचा जबडा त्याआधीचा. मी बोट फिरवलं आणि समजले.

मग मी बोलले का नाही? ऐकायचंय? मला बघायचं होतं तू कधी सांगतेस. मिरी पांढरीफटक पडली तेव्हा मी शेजारी बसले होते. 'मी मारला' म्हणाली तेव्हा एका वाक्यात तिला सोडवता आलं असतं. मी तुला पत्र लिहीत बसले. 'काही माहीत असेल तर कळव' म्हणे! गळ टाकून बसले होते मी. तू तिकडून खडू पाठवत राहिलीस आणि मी इकडे तुझी परीक्षा घेत राहिले. दिवसभर लोकांचे ब्रेक दाबते मी. स्वतःच्या पोरीसाठी पाय उचलला नाही.

तेव्हा मला माफी मागू नकोस. ती घ्यायचा हक्क मलाच उरलेला नाही.

काल तिला तुझं पत्र वाचून दाखवलं आणि माझंही सांगितलं. ती काय म्हणाली ते तीच लिहिणार आहे. मला वाचू देणार नाही म्हणते, पाकीटही स्वतःच चिकटवणार.

वहिनी

१९ ऑक्टोबर

आत्या,

आईने तुझं पत्र वाचलं. दातांचं आलं तिथे तिला वाचता येईना, मग पुढचं मी वाचलं.

आधी मला एकदम हलकं वाटलं कारण मी मारला नाही. मग खूप राग आला. तुझा पण आणि आईचा पण. आईशी मी परवापासून कामापुरतंच बोलतेय. आज तिने स्वतःहून दोनदा सॉरी म्हटलं म्हणून उद्यापासून थोडं जास्त बोलेन.

ऑटोक्लेव्हचा राग नाही आला. माझ्या हाताने पण कधी कधी तसं होतं. त्या छोट्या मुलीला दाखवलं त्याचा आला, पण कमी.

यासोबत तू केलेलं कार्ड परत पाठवतेय. त्या दात घडवणाऱ्या काकांना सांगून 'मालक: बाबा' पुसून टाक. याला बाबाने काहीच शिकवलेलं नाही, तो बाबाला ओळखतसुद्धा नाही. ढोल्या हे नाव पण काढ. दगड पण काढ. तिथे 'मालक: आत्या' लिही आणि नाव तुझं तू ठेव. मग पाठव. तो तुझा म्हणून आला तर मी त्याला पोहायला शिकवीन. त्याची यात काही चूक नाही.

वळलेलं कार्ड मला दे. दिवा लागत नाही ते मला माहीत आहे. मला ते पाटावर ठेवायचंच नाहीये.

आणि एक. मी रोज झोपताना बाबाला सॉरी म्हणायचे. खूप दिवस म्हटलं, आणि मला वाटायचं तो ऐकत नाही म्हणून आणखी मोठ्याने म्हणायचे. आता मी म्हणणार नाही. आता तू म्हण.

मिरी